दोन डिग्री आधी

कार्ल्याची खिंड चढून सहाआसनी माथ्यावर आली आणि रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. पोयनाडकडचा उतार लागला होता. इतका वेळ सीटच्या पत्र्यातून, गुडघ्यांतून, दातांतून चढत असलेली थरथर एकदम थांबली आणि तिच्या जागी वारा आला, टायरांची सरसर आली. शेजारची बाई फोनवर बोलत होती. तिचा आवाज अचानक फार मोठा वाटायला लागला. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने बरं वाटल्यासारखी मान मागे टेकली. विनेशने मांडीवरची औषधांची पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरली. रस्त्याकडेचे दगड जवळ येत होते आणि मागे पडत होते, दर वेळी जरा लवकर. "इंजिन चालू कर," तो म्हणाला. रिक्षावाल्याला ऐकू गेलं नाही, म्हणून तो पुन्हा म्हणाला. रिक्षावाला आरशात बघून हसला. "काका, रोजचाच हाय. खालपर्यंत आपोआप जाते. डिझेल कशाला जाळू फुकट?" विनेश म्हणाला, "थांबव. मला उतरायचंय." मध्येच, उतारावर, काहीच नसलेल्या जागी उतरायचंय म्हटल्यावर बाईने फोन कानापासून दूर घेऊन त्याच्याकडे पाहिलं. रिक्षा थांबायला बराच वेळ लागला. तो उतरला, आणि रिक्षा पुन्हा आवाज न करता निघून गेली.

तो चालत निघाला. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं, दोन्हीकडे शेतांत भात कापून पसरलेला होता आणि त्याचा कोरडा, गोडसर वास येत होता. अलिबागहून मेहुण्याची औषधं आणायची म्हणजे दर पंधरा दिवसांनी हा रस्ता. आजवर बसने जायचा. बसचा ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही. पण आज बस चुकली, आणि सात महिने ज्या शांततेपासून तो लांब राहिला होता ती एका फालतू उतारावर त्याच्या अंगावर आली. त्याला आठवण आली असं म्हणता येणार नाही. आठवण डोक्यात येते. हे पोटात आलं. तशीच शांतता, फक्त पंचवीस टनांची. तशीच इंजिनाची थरथर विरलेली, खालून नुसता टायरांचा आवाज, आणि शेजारी स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेला प्रज्योत, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, त्याच्याकडे बघून हसणारा.

विनेश पोयनाडच्या फाट्यावर डिझेल पंपांची कामं करायचा. ट्रकच्या इंजिनात डिझेल मोजून, वेळेवर फवारणारा पंप. तेवढंच त्याला येत होतं आणि तेवढं चांगलं येत होतं. इंजिनावर तळहात ठेवला की कुठलं सिलिंडर मागे आहे ते त्याला कळायचं. जुन्या गाड्यांत पंपाचा गिअर आणि शाफ्ट यांच्यामध्ये पोलादाची एक छोटी चावी बसते, करंगळीच्या नखाएवढी, अर्ध्या चंद्रासारखी. गिअर शाफ्टवर कुठे अडकायचा ते ती ठरवते. एका पावसाळ्यात धंदा बसला होता तेव्हा त्याच्या मनात आलं, की ही चावी जर जराशी तिरकी घासली तर गिअर दोन डिग्री पुढे बसेल, पिस्टन वर यायच्या किंचित आधी डिझेल पडेल, आणि जळायला जास्त वेळ मिळाला म्हणजे ते पुरतं जळेल. आठ चाव्या घासून फुकट गेल्या. नवव्या चावीवर इंजिनाने आवाज बदलला, ठोके आखूड झाले, आणि तो रिकाम्या गॅरेजात इंजिनावर हात ठेवून किती वेळ उभा राहिला ते त्याला आजही सांगता आलं नसतं. बेचाळीस वर्षांचा झाला होता. तोवर त्याने दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू दुरुस्तच केल्या होत्या. ही त्याची होती.

तुळशीराम म्हात्र्यांच्या दहा गाड्या होत्या. बंदरातून कोळसा भरायचा, म्हसळ्याकडचा घाट ओलांडायचा आणि नागोठण्याजवळच्या कारखान्यात ओतायचा. त्यांनी एक गाडी दिली, प्रज्योतची. म्हणाले, बघू तुझी कारागिरी. गाडी लिटरला चार-एकचा अ‍ॅव्हरेज द्यायची, चार किलोमीटर आणि वर थोडं. चावी बसवली. पहिली खेप, चार-एक. दुसरी, चार-एक. तिसऱ्या खेपेला चारच. विनेश संध्याकाळी घरी यायचा आणि ताटासमोर बसून राहायचा. बायको, अमिषा, विचारायची, बरं नाही का, तो नाही म्हणायचा. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी प्रज्योतचा बंदरावरून फोन आला. "भावोजी, चार-सात आला." विनेशने त्याला दोनदा विचारलं. मग तो गॅरेजच्या मागे जाऊन उभा राहिला, कारण समोर गिऱ्हाईक होतं. पुढच्या खेपेलाही चार-सात. त्याच्या पुढच्याही. महिन्याभरात दहाही गाड्यांत चाव्या बसल्या. बाकीच्या गाड्यांना आधी फरक पडला नाही. तुळशीशेठ म्हणाले, गाडी तीच, चावी तीच, म्हणजे खोट ड्रायव्हरात आहे, प्रज्योतकडून शिका. आणि खरंच, होळीच्या आधी एक-एक करत सगळ्यांचा चार-सात यायला लागला.

फेब्रुवारीत एकदा तो प्रज्योतच्या गाडीत बसून गेला, स्वतःच्या कानांनी इंजिन ऐकायला. चढावर ते सुंदर चाललं. त्याने पुढच्या पत्र्यावर तळहात ठेवला होता. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे, तिथे प्रज्योतने हॉर्न दिला, डावा हात गिअरच्या दांड्यावर नेला आणि गाडी न्यूट्रलला टाकली. हाताखालचा ठोका गेला. मागे पंचवीस टन कोळसा होता आणि त्याला धरून ठेवायला इंजिन नव्हतं, फक्त ब्रेक होते. प्रज्योत अलगद ब्रेक दाबत, सोडत वळणं काढत होता. घाट संपल्यावरही त्याने गिअर टाकला नाही, गाडी आपल्या वेगाने सपाटीवर तीन-चार किलोमीटर तशीच, डिझेल जेमतेम जाळत गेली. तेव्हा त्याने विनेशकडे पाहिलं आणि हसला. बापाला वही दाखवताना पोर हसतं तसं. विनेशला त्या क्षणी सगळं कळलं, पाच दिवस, सहावा दिवस, चार-सात. ब्रेक तापतात, दाबून दाबून त्यांची हवा उतरते, एवढ्या वेगात परत गिअर पडत नाही, हेही त्याला माहीत होतं; त्याच्याएवढं तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. त्याने तोंड उघडलं असतं तर चावी मेली असती. तो समोर बघत राहिला. नागोठण्याला दोघांनी चहा घेतला, आणि चहा पिताना तो प्रज्योतला म्हणाला, "खिडकीची काच लावत जा, कोळसा नाकात जातो."

सतरा मार्चला सकाळी साडेदहाला, तिसऱ्या वळणावर गाडीचे ब्रेक लागले नाहीत. समोरून एसटी चढत होती. प्रज्योतने स्टेअरिंग डोंगराकडे ओढलं. एसटीला ओरखडाही आला नाही, चाळीस माणसं होती. ट्रकची केबिन दरडीत घुसली, ती कापून त्याला काढायला दोन तास लागले. उजवा पाय मांडीतून गेला. डावा आहे, पण कंबरेपासून त्याला हुकूम जात नाही. पेपरात फोटो आला. तो हॉस्पिटलातून आल्यावर गावाने शाल, नारळ दिला. एसटीतली माणसं अजून अधूनमधून भेटायला येतात, कोणी केळी आणतं, एक बाई येऊन नुसती बसते आणि जाते. घाटातलं काम म्हणजे नशिबाचं, असं सगळे म्हणाले. लग्नाला रेवसची मुलगी ठरली होती, तिच्या घरच्यांनी चार महिने वाट बघून नकाराचा निरोप पाठवला. आई म्हातारी म्हणून अमिषाने भावाला आपल्याकडे आणलं. पुढच्या खोलीत खाट आहे, खाटेवर प्रज्योत आहे. तेव्हापासून विनेश रोज त्याच्यासमोरून चप्पल घालून कामाला जातो आणि रोज परत येतो. दोघं इंजिनाबद्दल बोलत नाहीत.

उतार संपला होता. पोयनाडच्या अलीकडे तुळशीशेठचा यार्ड लागतो. तिथे थांबायचं विनेशने ठरवलं नव्हतं, पाय वळले. आत जांभळाखाली ब्रेकच्या जुन्या लायनरांचा, चाक आवळून धरणाऱ्या पट्ट्यांचा, ढीग पडला होता. हा ढीग तो रोज बघत होता. लायनर झिजण्याआधीच, जाड असताना, काळे पडून, काचेसारखे चकचकीत होऊन उतरलेले होते, जळालेले. पूर्वी वर्षात एवढे निघायचे नाहीत. तुळशीशेठ पत्र्याच्या शेडमध्ये खुर्चीवर बसून चहा पीत होते. वय साठ, अंग जड, पण मनगटं अजून ड्रायव्हरची.

"अलिबागशी चालत आलास काय? घाम बघ."

"शेठ, चावीने काय होत नाय."

"कसली चावी?"

"माझी. टायमिंगची. पयल्या तीन खेपांना फरक पडला नव्हता. चौथीपासून प्रज्योत घाटात न्यूट्रल मारत होता. तो अ‍ॅव्हरेज त्याचा होता. आता सगळेच मारतात. ते लायनर बघा तुम्ही."

तुळशीशेठनी बशी खाली ठेवली. रागावले नाहीत, दचकले नाहीत, आणि तेव्हाच विनेशला भीती वाटली. "मी बावीस वर्षं स्टेअरिंगवर काढली, विनेश. चार-एकची गाडी चार-सातला कशाने येते, मना समजत न्हाय असा वाटला तुला?"

"मग बोलला का नाय?"

"काय बोलू? मी एकालाही न्यूट्रल मार म्हणून सांगितला न्हाय. मी एवढाच सांगितला, चावी बसवलीय, आता चार-सात आला पायजे." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "कारखान्यात नव्या गाडीवाले आलेत. त्यांच्या गाड्या पाचचा अ‍ॅव्हरेज देतात. माझ्या उरलेल्या नऊ गाड्या म्हाताऱ्या. चार-एकवर त्या कामाविना उभ्या राहतील, नि नऊ घरांत चूल विझेल."

"चाव्या काढतो मी सगळ्यांतून."

"काढ. तुझ्याच हायत, घेऊन जा." त्यांचा आवाज जवळजवळ प्रेमळ होता. "पण चार-सात जागच्या जागी राहील."

बाहेर अनंता आपल्या गाडीच्या सावलीत चटईवर आडवा झाला होता. पन्नाशीचा, थळकडचा, प्रज्योतच्या बरोबरीने बंदराच्या लाइनवर असलेला. विनेश त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि त्याने तेच पुन्हा सांगितलं, शेठला सांगितलं त्यापेक्षा तुटक, कारण आता त्याला आपले शब्द ऐकू येत होते.

अनंता उठून बसला नाही. "सगळ्यांना म्हायत हाय."

"मग गिअरमध्ये उतरत जा."

"प्रज्योतनेच शिकवला आम्हांला. मी बोललो त्याला, इंजिनाला काय होईल बाबा, गाडीला काय होईल. तर बोलला, भावोजी बाजूला बसले होते. पंपाचा एवढा मोठा माणूस, काय बोलले न्हाईत. म्हणजे काय होत न्हाय." अनंताने डोळ्यांवरचा रुमाल काढला आणि त्याच्याकडे पाहिलं, काही शोधल्यासारखं नव्हे, नुसतंच. "तुम्ही बसला होतात ना?"

"होतो."

"मग झाला."

तिथून घर दहा मिनिटांचं. त्या दहा मिनिटांत त्याला काही आठवलं नाही, काही सुचलं नाही. मीठ वाळतं तसं आत काहीतरी कडक होत होतं. पुढच्या खोलीत प्रज्योत मोबाइलवर क्रिकेट बघत होता. विनेशने पिशवी कोनाड्यात ठेवली आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. आजवर तो तिथे कधी बसला नव्हता. प्रज्योतने आवाज बंद केला.

"शेठला सांगून आलो. न्यूट्रलचं."

प्रज्योतने मोबाइल उशाशी ठेवला. "कुणी सांगायला लावला?"

"कुणी नाय."

"मग? काय मिळाला तुम्हांला?" तो हातांवर रेटून वर सरकला. "ती बाई येते ना, एसटीतली. माझ्या पायाशी बसते. तिला काय सांगू मी, की मीच गाडी सोडली होती मोकळी? माझ्याकडे आता काय हाय दुसरा, भावोजी? तुमच्यासाठी केला मी. ताईचा फोन आला, ते जेवत न्हाईत, रडत होती. मी बोललो, एक आकडाच तर हाय, काढून देऊ. तेव्हा तुम्ही त्या गाडीत बसून एकदा जरी बोलला असतात, ठीक होता. तेव्हा न्हाय बोललात. मग आता कशाला बोलायचा?" तो थांबला. श्वास लागला होता. "ताईला सांगू नका."

पण अमिषा आतल्या दारात उभी होती. हाताला माशाचे खवले लागलेले, हात अंगापासून दूर धरलेले. किती वेळ उभी होती ते दोघांनाही कळलं नाही.

"तुम्ही गाडीत होता?" तिने विचारलं.

"फेब्रुवारीत. एकदा."

"तेव्हा मारला होता त्याने न्यूट्रल."

"हो."

ती मोरीत गेली, हात धुतले, बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मग आतूनच, कुणाला उद्देशून नाही अशी, म्हणाली, "फोन मी केला होता त्याला." विनेश उठून दारापर्यंत गेला. तिला म्हणायचं होतं की तुझा काय दोष, आणि ते वाक्य तोंडात तयार होतं, पण त्याच्या पुढचं वाक्य कोणतं येणार ते दोघांनाही माहीत होतं. ती खाली बसली आणि उरलेले बोंबील साफ करायला लागली. रात्री तिने भावाचं अंथरूण झटकलं, आपलं त्याच्या खाटेशेजारी जमिनीवर घातलं. पुढेही ती तिथेच झोपायला लागली.

पुढच्या चार दिवसांत विनेशने यार्डात उभ्या असतील तशा गाड्यांतून चाव्या काढल्या. नऊ निघाल्या, दहावी प्रज्योतच्या गाडीबरोबर भंगारात गेली होती. जागी जुन्या, सरळ चाव्या बसवल्या. तुळशीशेठ लांबून बघत होते, अडवलं नाही. त्या आठवड्यात नऊही गाड्यांचा अ‍ॅव्हरेज चार-सात आला.

मग एका सकाळी तो अनंताच्या गाडीत चढून बसला. अनंताने पाण्याची बाटली सरकवून जागा केली. बंदरात कोळसा भरला, घाट चढला, माथ्यावर देवीला हॉर्न दिला, आणि अनंताचा हात दांड्याकडे गेला. विनेश त्या हाताकडे बघत होता. शब्द साधे होते, पाच वर्षांच्या मुलाला बोलता येतील असे. "गिअरमध्ये राहू दे," तो म्हणाला. अनंताचा हात दांड्यावर तसाच राहिला. पहिलं वळण आलं. "राहू दे," विनेश पुन्हा म्हणाला. अनंताने हात स्टेअरिंगवर नेला. इंजिन गुरगुरत, गाडीला मागे ओढत, संथ, कंटाळवाणं खाली उतरलं. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. तिसऱ्या वळणावर दरडीला अजून काळा ओरखडा आहे. दोघांनीही तिकडे बघितलं नाही. पुढचे दोन दिवसही तो गेला. तीन खेपांचा अ‍ॅव्हरेज काढला तो चार-एक.

चौथ्या दिवशी यार्डात अनंताच्या गाडीवर विपुल नावाचा नवा माणूस होता, उरणकडचा, तिशीचा. विनेश पायरीवर पाय ठेवून वर चढला तेव्हा तो अवघडून म्हणाला, "काका, शेठ बोललेत, बाजूला कोणाला घ्यायचा न्हाय." विनेशने त्याला सांगितलं, घाटाबद्दल, ब्रेकच्या हवेबद्दल, सगळं, पायरीवर उभ्या उभ्या. विपुलने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि उतरा म्हणून हाताने खूण केली. अनंता गेटबाहेर पिशवी घेऊन बसची वाट बघत होता. विनेश त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. अनंता म्हणाला, "तुमचा दोष न्हाय," पण त्याने ते बसच्या दिशेला बघत म्हटलं, आणि बस आल्यावर मागे न बघता चढला.

दुपारी विनेश घरी आला. अमिषा बाजारात गेली होती. त्या दिवसापासून प्रज्योत त्याच्याशी बोलला नव्हता. विनेश आत शिरला की तो भिंतीकडे तोंड करायचा. आजही केलं. विनेश चप्पल काढून आत जायला निघाला तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला.

"अनंता उतरला, गिअरमध्ये?"

"उतरला. तीन खेपा."

"किती आला?"

विनेश थांबला. "चार-एक."

प्रज्योतने दोन्ही हातांनी खाटेची चौकट धरून, कंबर ओढत, स्वतःला हळूहळू इकडे वळवलं. विनेश मदतीला पुढे झाला नाही. तेवढं त्याला कळलं. वळून झाल्यावर प्रज्योत छताकडे बघत राहिला.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "गाडी तेवढाच देते."